ह्युए, खे सान आणि बेन हाय नदी: व्हिएतनाम युद्ध जिथे फिरलं तिथे जाऊन आलो

मार्चमध्ये व्हिएतनामला जाऊन आलो. आपल्याकडच्या बऱ्याच टूर हनोई, हालाँग बे, दा नांग करत सायगॉनला (आताचं हो ची मिन्ह सिटी) पोचतात आणि ह्युए या जुन्या राजधानीत जेवण उरकून पुढे निघतात, तर पहिलं सांगणं हेच की ह्युएला निदान दोन रात्री काढा, युद्ध खरं तिथे आणि त्याच्या उत्तरेच्या क्वांग त्री प्रांतात समजतं. दा नांगहून ट्रेनने जा, अडीच-तीन तास लागतात, उजवीकडची सीट घ्या म्हणजे हाय व्हान घाटात समुद्र दिसतो.

१९६८ च्या टेटला, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या ऐन सणात, कम्युनिस्ट उत्तरेच्या फौजेने आणि व्हिएतकाँगने, म्हणजे दक्षिणेतल्याच कम्युनिस्ट गनिमांनी, अमेरिकेच्या पाठिंब्यावरच्या दक्षिणेतल्या शंभरावर गावाशहरांवर एकदम हल्ला चढवला. ह्युएच्या किल्ल्यावर ३१ जानेवारीला त्यांचा झेंडा चढला तो २४ फेब्रुवारीपर्यंत उतरला नाही. तो ध्वजस्तंभ अजून आहे, आत राजवाड्याच्या बऱ्याच भागात नुसती जोती आणि गवत उरलंय, आणि काशाच्या नऊ प्रचंड हंड्यांवर गोळ्यांचे खड्डे दिसतात, तिथे घाई करू नका. सैनिकी दृष्टीने हल्ला फसला, माणसं प्रचंड गेली, शहरांत उठाव होईल असं वाटलं होतं तो झालाच नाही. पण अमेरिकेत सरकार सांगत होतं की आपण जिंकत आलोय, आणि लोकांनी टीव्हीवर सायगॉनच्या आपल्याच वकिलातीच्या आवारात गोळीबार बघितला, मग विश्वास कसा राहणार? ३१ मार्चला राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, त्या दिवसांत ह्युएमधून पकडून नेलेल्या लोकांचे नंतर सामूहिक कबरींमध्ये मृतदेह सापडले, सुमारे २८००. किल्ल्यात मला याचा एकही बोर्ड दिसला नाही. आमचा गाईड याबद्दल बोलला तो गाडीत बसल्यावर, हळू आवाजात, त्याचा एक काका उत्तरेकडून लढला आणि एक दक्षिणेकडून. असं काही विचारायचं असेल तर चारचौघांत विचारू नका.

डीएमझीसाठी, म्हणजे उत्तर आणि दक्षिणेच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यासाठी, सकाळी सातच्या आत निघा, अख्खा दिवस जातो. बसच्या काही टूर खे सान वगळतात म्हणून आधी विचारून घ्या, चौघं असाल तर सरळ गाडी करा. बेन हाय नदीवरचा हिएन लुओंग पूल अर्धा निळा अर्धा पिवळा आहे, १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देश इथेच दुभंगला, दोन वर्षांत निवडणूक घेऊन एकत्र यायचं होतं, ती झालीच नाही. करारावर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, कॅनडा आणि पोलंड सोबत, पुलावर उभं असताना हे आठवून पोटात कसंतरी झालं. विन्ह मोकच्या गावकऱ्यांनी बॉम्बपासून वाचायला खोदलेली भुयारं तीन मजली आहेत, सगळ्यात खालचा मजला २३ मीटरवर, आणि तिथे १७ मुलं जन्मली. सायगॉनजवळच्या कू चीच्या भुयारांपेक्षा चालायला सोपी आहेत, पण ओलसर, चांगल्या ग्रिपचे बूट हवेत.

खे सानला मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. इथल्या अमेरिकेच्या तळाला १९६८ मध्ये उत्तरेच्या फौजेचा ७७ दिवसांचा वेढा, जॉन्सनने व्हाइट हाउसमध्ये या तळाचं मॉडेल करून ठेवलेलं, तळ पडू द्यायचा नाही म्हणून बॉम्बचा पाऊस पाडला, आणि वेढा उठल्यावर तीनेक महिन्यांत जुलैमध्ये अमेरिकेने तो स्वतःच सोडला. आता लाल माती, कॉफीचे मळे, दोन-चार हेलिकॉप्टर आणि एक छोटं म्युझियम. दोन्ही बाजू इथे आपणच जिंकलो म्हणतात.

पायवाट सोडून अजिबात जाऊ नका, क्वांग त्रीत न फुटलेले बॉम्ब अजून सापडतात. शाकाहारी असाल तर 'आन चाय' म्हणा, फिश सॉसबद्दल वेगळं सांगा, ह्युएमध्ये शाकाहारी जेवण छान मिळतं. ई-व्हिसा त्यांच्या सरकारी साइटवरूनच काढा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे धो धो पाऊस असतो आणि टेटच्या आठवड्यात ट्रेन फुल, दुकानं बंद, ते दिवस टाळा. सायगॉनचा राजवाडा, जिथे ३० एप्रिल १९७५ ला उत्तरेचे रणगाडे फाटक तोडून आत शिरले आणि युद्ध संपलं, तो मात्र शेवटी ठेवा, ह्युए आणि खे सान बघून झाल्यावर.