आमची वाटचाल : उद्यमनगरातील ट्रॉलीपासून कोव्हेंट्रीतील टोबारपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या वडिलांचे, म्हणजे आण्णांचे, उसाच्या ट्रॉल्या बांधण्याचे आणि दुरुस्त करण्याचे छोटे वर्कशॉप होते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होण्याआधी तिथे ट्रॉल्यांची रांग लागे, आणि ट्रॅक्टरची पिन ज्यात बसते ते दांड्याचे भोक बहुतेक ट्रॉल्यांत मागच्या हंगामात झिजून लांबट झालेले असे. ते वेल्डिंगने भरून पुन्हा गोल करून देताना आण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारत : "वजन किती वढायचं ते आधी सांगा, मग लोखंड किती घालायचं ते मी सांगतो." आज इंग्लंडमधील कोव्हेंट्री शहरात घरगुती गाड्यांना टोबार, म्हणजे मागे ट्रेलर जोडण्याचा पोलादी बार, बसवण्याचा आमचा व्यवसाय आहे, आणि गिऱ्हाइकाशी आमचे पहिले बोलणे याच प्रश्नाने सुरू होते.

पत्नीला इथल्या रुग्णालयात परिचारिकेची नोकरी लागली म्हणून २००५ साली आम्ही इकडे आलो. मी एका गॅरेजमध्ये चार वर्षे काम केले आणि २००९ साली एक जुनी व्हॅन, एक टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळण्याचा पाना) आणि विजेची तपासणी करण्याचे एक साधे यंत्र एवढ्या भांडवलावर स्वतःचे काम सुरू केले. आपल्याकडे मागे काही जोडून ओढणे म्हणजे ट्रॅक्टरचे काम. इथे मात्र दोन मुलांचे साधे कुटुंब आपल्या रोजच्या मोटारीमागे कॅराव्हॅन (ओढून न्यायचे चाकांवरचे घर), छोटी होडी, घोड्याचा ट्रेलर किंवा बागेतला पालापाचोळा नेण्याची ट्रॉली जोडून निघते. त्या गाडीच्या मागे चासीला घट्ट बसवलेली पोलादी चौकट आणि तिच्या टोकाला ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा, एवढेच टोबारचे बाह्य रूप असते. ते पाहून हे लोहारकाम आहे असा अनेकांचा समज होतो, आणि सुरुवातीला माझाही तोच समज होता.

निवड कुठून सुरू करायची याविषयी आमचे मत पहिल्या वर्षापासून ठाम आहे. ती कॅटलॉगमधून सुरू होत नाही आणि किमतीवरूनही होत नाही. ती गाडीच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली लावलेल्या निर्मात्याच्या पाटीवरून सुरू होते. त्या पाटीवर साधारणपणे चार वजने असतात : पहिले भरलेल्या गाडीचे कमाल वजन, दुसरे गाडी आणि ट्रेलर यांचे मिळून कमाल वजन, आणि शेवटची दोन पुढच्या व मागच्या आसांवरची. दुसऱ्यातून पहिले वजा केले की पूर्ण भरलेली गाडी मागे किती ओढू शकते ते कळते. ती दुसरी ओळ कोरी असेल किंवा तिथे शून्य असेल, तर निर्मात्याने त्या गाडीला ट्रेलर ओढण्याची परवानगीच दिलेली नाही, आणि मग कितीही मजबूत टोबार आणला तरी ती मिळत नाही. सुरुवातीच्या काळात पैशांची गरज असतानाही अशी कामे आम्ही नाकारली, कारण गाडीचे ब्रेक, क्लच आणि मागचे सस्पेन्शन त्या वजनासाठी तपासलेलेच नसतात.

टोबारच्या स्वतःच्या पाटीवरही दोन आकडे असतात, आणि ते वाचायला आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला शिकवतो. पहिला डी-मूल्य, म्हणजे ओढताना आणि ब्रेक लागताना त्या जोडावर येणारा आडवा जोर, किलोन्यूटनमध्ये. २,००० किलो कमाल वजनाची गाडी आणि १,५०० किलोचा ट्रेलर घेतला, तर दोन्ही वजनांचा टनांतला गुणाकार भागिले बेरीज आणि गुणिले ९.८१ असा हिशोब करून साधारण ८.४ येतात, टोबारचे डी-मूल्य त्याहून कमी असता कामा नये. दुसरा एस-मूल्य, म्हणजे गोळ्यावर उभे किती वजन चालेल तो आकडा. कॅराव्हॅनचे नाक गोळ्यावर किती टेकले पाहिजे, याचा इथला रूढ ठोकताळा ट्रेलरच्या प्रत्यक्ष वजनाच्या पाच ते सात टक्के असा आहे. १,२०० किलोच्या कॅराव्हॅनला तो ६० ते ८४ किलो येतो. पण गाडीची मर्यादा ७५ असेल तर ८४ विसरून जायचे. नाक फार हलके राहिले की वेगात कॅराव्हॅन सापासारखी डोलू लागते, आणि फार जड झाले की गाडीची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड जाते. उसाची ट्रॉली मागच्या बाजूला जास्त भरली की ट्रॅक्टरचा दांडा वर उचलला जातो, हे मी लहानपणी पाहिले होते; त्याचे शास्त्र मला कोव्हेंट्रीत कळले.

सायकलींसाठी टोबार घेणाऱ्यांना हा दुसरा आकडा सांगावाच लागतो. विजेवर चालणारी एक सायकल सहज पंचवीस किलोची असते, गोळ्यावर बसणारा सायकली ठेवण्याचा सांगाडा, म्हणजे वाहक, अठरा किलोच्या आसपास. दोन सायकली लावल्या की ६८ किलो झाले, आणि मुलाची तिसरी सायकल लावली की ७५ ची मर्यादा ओलांडली. मागच्या वर्षी बर्मिंगहॅमहून आलेल्या एका मराठी कुटुंबासमोर मी हा हिशोब कागदावर मांडला, तेव्हा त्या ताई म्हणाल्या, "दादा, मुलाची सायकल आत सीटवर ठेवू, पण टोबार बसवाच." तसेच केले. वाहकामुळे मागची नंबर प्लेट झाकली जाते, म्हणून वाहकावर दुसरी प्लेट आणि दिवे लागतात, तेही त्याच दिवशी जोडून दिले.

प्रकाराची निवड त्यानंतर येते. दोन बोल्टांनी पट्टीवर बसणारा गोळा साधा, स्वस्त आणि टिकाऊ असतो आणि रोज ट्रेलर ओढणाऱ्याला आम्ही तोच सुचवतो. हंसाच्या मानेसारखा एकसंध वाकलेला गोळा दिसायला सुबक असतो आणि घर्षणाने डोलणे रोखणाऱ्या कॅराव्हॅनच्या जोडाला त्याच्याभोवती मोकळी जागा मिळते. पट्टीचा गोळा घेतला तर त्या जोडासाठी लांब मानेचाच घ्यावा लागतो. काढता येणारी मान अधिक महाग पडते, पण वर्षातून दोन सहली करणाऱ्याला तीच योग्य, कारण ट्रेलर नसताना गोळा नंबर प्लेट झाकत असेल तर तो काढून ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. बटण दाबताच बंपरखाली दडणारी मान सर्वांत सोयीची आणि सर्वांत महाग.

काढता येणाऱ्या मानेच्या बाबतीत मी गिऱ्हाइकाच्या हातात ती मान देतो आणि माझ्यासमोर तीन वेळा बसवून घेतो. अनेक मानांवरच्या हाताने फिरवायच्या छोट्या चाकावर लाल आणि हिरव्या रंगाची खूण असते. खोबणीत मान पूर्ण बसून आतले कुलूप गुंतले की हिरवा भाग खुणेशी जुळतो आणि किल्ली फिरून बाहेर निघते. लाल दिसत असेल किंवा किल्ली निघत नसेल, तर मान हाताला कितीही घट्ट वाटली तरी ती बसलेली नाही. नव्या गोळ्यावर बहुतेक वेळा काळा रंग असतो. साध्या जोडाला थोडे ग्रीस लागते, पण घर्षणाच्या जोडाला गोळा अगदी कोरडा आणि उघड्या धातूचा लागतो. म्हणून तो रंग पॉलिश कागदाने खरडून, गोळा पुसून मगच आम्ही गाडी ताब्यात देतो. ट्रेलर निसटलाच तर त्याचे ब्रेक ओढणारी तार टोबारवरच्या स्वतंत्र कडीत अडकवायची, काढता येणाऱ्या मानेभोवती तिचा फास टाकायचा नाही, हेही त्याच वेळी दाखवतो, कारण मानच निसटली तर तार तिच्यासोबत जाईल.

१ ऑगस्ट १९९८ पासून इथे नोंदणी झालेल्या, युरोपीय मान्यतेच्या मोटारींना मान्यताप्राप्त टोबारच बसवावा लागतो, आणि तो निर्मात्याने ठरवलेल्या जागांवरच. त्यामुळे चांगल्या कामात चासीला नवी भोके पाडण्याची वेळ क्वचितच येते. बंपर उतरवला, त्यामागची धडक झेलणारी पट्टी काढली, की चासीच्या दोन्ही दांड्यांच्या टोकाला रबरी बुचे किंवा टेप लावलेली भोके दिसतात. कारखान्याने ओतलेले मेण पुसले की आत बसवलेले नट हाती लागतात. बऱ्याच गाड्यांत त्या पट्टीच्या जागी टोबारची आडवी तुळईच बसते. बोल्ट आधी हाताने, मग निर्मात्याने दिलेल्या आकड्यावर टॉर्क पान्याने, आणि उघड्या पडलेल्या धातूवर पुन्हा मेण, हा आमचा क्रम कधी बदललेला नाही. गोळ्याचा मध्य भरलेल्या गाडीत जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर उंचीवर असला पाहिजे, तो आम्ही मोजून नोंदवतो. बंपरचा खालचा तुकडा कापावा लागतो तेव्हा गिऱ्हाइकाला जवळ बोलावतो. कागदी साच्याप्रमाणे टेप लावून आखलेली रेघ त्यांनी पाहिली की मगच करवत लावतो. पायाच्या इशाऱ्याने डिकी उघडणाऱ्या गाड्यांत सेन्सर नेमका बंपरच्या मध्यावर, म्हणजे मानेच्या जागीच असू शकतो, हे आधी सांगितले नाही तर नंतर वाद होतो.

आमच्या वाटचालीतले खरे वळण मात्र लोखंडाचे नव्हते, वायरिंगचे होते. सुरू केल्यापासून दुसऱ्या वर्षी एका शिक्षकांच्या गाडीला मी टोबार बसवला आणि ट्रेलरच्या दिव्यांसाठी गाडीच्या मागच्या दिव्यांच्या वायरींना वरून दाबून बसणारे कनेक्टर लावले. जुन्या गाड्यांना तसेच केले होते आणि ते चालले होते. ही गाडी मात्र नव्या पिढीची होती. तिचा संगणक बल्ब शाबूत आहे का हे पाहण्यासाठी वायरीतून बारीक स्पंदने सोडत असे आणि एकाच बल्बला कधी मंद, कधी प्रखर करत असे. ट्रेलरचा जास्तीचा भार त्या वायरीवर आला की संगणकाला तो बिघाड वाटे. वेल्सला जाताना पावसात ट्रेलरचे ब्रेक दिवे बंद पडले आणि मागच्या गाडीने हॉर्न वाजवून त्यांना सावध केले. मुले मागच्या सीटवर होती. त्या शिक्षकांचा फोन आला त्या रात्री मला झोप लागली नाही. मी सगळे वायरिंग स्वतःच्या खर्चाने काढले आणि त्या गाडीसाठी खास बनवलेला, कारखान्याच्या कनेक्टरमध्येच जुळणारा आणि गाडीच्या डेटा-जाळ्याशी बोलणारा हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार संच, बसवला. त्याची किंमत मला त्या कामातून मिळालेल्या पैशांपेक्षा जास्त होती.

तेव्हापासून आम्ही गाडीच्या मूळ वायरींना सुरी लावत नाही. अगदी जुन्या, साध्या गाडीला सार्वत्रिक संच चालतो, पण तोही रिलेसह, म्हणजे दिव्यांच्या वायरीतून फक्त इशारा घेऊन प्रत्यक्ष वीज बॅटरीतून फ्यूजमार्गे देणारा. खास हार्नेसमुळे ट्रेलर जोडताच मागचे पार्किंग सेन्सर गप्प बसतात, गाडीचा मागचा धुक्याचा दिवा बंद होऊन ट्रेलरचा लागतो आणि, ज्या गाड्यांत सोय आहे त्यांत, ट्रेलर डोलू लागला तर एकेका चाकाला ब्रेक लावून तो आवरणारी प्रणाली जागी होते. या सोयी संगणकात सुरू कराव्या लागतात, आणि काही गाड्या निर्मात्याच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय तो बदल स्वीकारतच नाहीत. गेल्या दहा वर्षांत आमचा सर्वांत मोठा खर्च या तपासणी-यंत्रांवर झाला आहे.

सॉकेटचेही तसेच. पूर्वी कॅराव्हॅनसाठी दोन सात-पिनी सॉकेटे लागत, काळे दिव्यांसाठी आणि करडे आतल्या विजेसाठी. साधारण २००८ पासून इथल्या नव्या कॅराव्हॅनना एकच तेरा-पिनी प्लग येऊ लागला, जो फिरवून कुलूपबंद होतो आणि दिव्यांपासून फ्रिजपर्यंत सगळे सांभाळतो. जुना ट्रेलर असेल तर अडॅप्टर देतो, पण काम झाल्यावर तो काढून ठेवायला सांगतो, कारण तो लटकत राहिला की खाली येतो आणि त्यात पाणी शिरते.

धंदा वाढला तो दोन टप्प्यांत. कोविडच्या काळात परदेशी सहली थांबल्या आणि लोक कॅराव्हॅन व सायकली घेऊन देशातच फिरू लागले. तेव्हा आम्ही दुसरी व्हॅन घेतली. मग १६ डिसेंबर २०२१ रोजी नियम बदलला. त्याआधी १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत होती. आता साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्यामुळे आयुष्यात कधीही मागे काही न ओढलेली माणसे आमच्याकडे येऊ लागली. मला याचा आनंद आहे आणि काळजीही आहे. परवाना ३,५०० म्हणतो, पण गाडीची पाटी १,३०० म्हणत असेल तर १,३०० च खरे. मोटरवेवर ट्रेलरसह ताशी ६० मैलांची मर्यादा आहे, तीन किंवा अधिक मार्गिकांच्या मोटरवेवर अगदी उजव्या मार्गिकेत जाता येत नाही, आणि कॅराव्हॅनचे वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांत ठेवावे असा नवख्यांना सल्ला आहे, हे सांगायला आम्ही आता प्रत्येक कामाच्या शेवटी अर्धा तास राखून ठेवतो. तो वेळ बिलात धरत नाही.

विजेच्या गाड्यांनी नवे प्रश्न आणले आहेत. टेस्लाच्या मॉडेल वायला १,६०० किलोपर्यंत ओढण्याची मान्यता आहे, तर निसानच्या जुन्या पिढीच्या लीफला ट्रेलरची मान्यताच नाही. तिला फक्त सायकल-वाहकासाठीचा बार बसवता येतो, आणि तसे लेबल आम्ही गोळ्याजवळ लावतो, म्हणजे ती गाडी पुढे विकली गेली तरी नव्या मालकाला समजेल. बॅटरीच्या उच्च दाबाच्या वायरी नेमक्या कुठून जातात हे माहीत नसताना या गाड्यांखाली हात घालायचा नाही, म्हणून आमच्या दोन्ही सहकाऱ्यांनी त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच आम्ही ही कामे घेऊ लागलो.

आण्णा दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात इथे आले होते. एका स्टेशन वॅगनचे काम चालू होते. बंपर उतरलेला, तुळई बसलेली. त्यांनी चष्मा लावून टोबारची पाटी निरखली, डी-मूल्य म्हणजे काय ते विचारले, आणि मी हिशोब सांगितल्यावर खिशातल्या डायरीत तो लिहून घेतला. मग स्वतः टॉर्क पाना हातात घेऊन शेवटचा बोल्ट आवळला आणि टक् असा आवाज येताच थांबले. पहिल्या मोठ्या प्रवासानंतर ती गाडी आमच्या पद्धतीप्रमाणे बोल्ट पुन्हा तपासण्यासाठी परत आली, तेव्हा तो बोल्ट जागच्या जागी होता, आणि मी त्या संध्याकाळी कोल्हापूरला फोन करून त्यांना तसे कळवले.