काकवीच्या रंगाची खपली

चैत्रात आई जोतिबाला जाऊन आली. दिवसभर डोंगरावर उन्हात होती. तिसऱ्या दिवशी खालचा ओठ चुणचुणायला लागला आणि सकाळी उठून बघते तर बारीक पाणीदार फोडांचा घोस. आमच्याकडे याला 'ताप मुतला' म्हणतात, अंगात ताप नसला तरी. आईला हे वर्षातून एकदा-दोनदा होतंच. हर्पिसचा विषाणू एकदा अंगात शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि ऊन, ताप, जागरण असं निमित्त मिळालं की वर येतो. फोड फुटतात, खपली धरते, आठ-दहा दिवसांत ओठ साफ. म्हणून आम्ही कोणीच लक्ष दिलं नाही.

पाचव्या दिवशी खपली धरली होती, पण आई ती येता-जाता नखाने उचकटायची. सहाव्या दिवशी दुखणं उतरायच्या ऐवजी चढलं. भावाने मेडिकलमधून 'सगळ्यावर चालते' अशी ट्यूब आणली. दोन दिवस ती लावल्यावर लाली जरा फिकी दिसली, आम्हाला हायसं वाटलं. आठव्या दिवशी ओठ टम्म सुजला, लाली हनुवटीपर्यंत उतरली, जबड्याखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली. जखमेवर पिवळसर, चिकट खपली होती, ताटात काकवी सांडून वाळावी तशी.

डॉक्टर मॅडमनी आधी ट्यूब मागितली. मागची बारीक अक्षरं वाचून म्हणाल्या, "मावशी, यात स्टेरॉइड आहे. लाली झाकली, पण त्या जागेची लढायची ताकद गेली. विषाणूला आणि बुरशीला दोघांनाही मोकळं रान."

मग खपली दाखवून समजावलं. विषाणूने कातडी फोडली, उघड्या जखमेत नखाबरोबर जिवाणू गेले. यात बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस असतो, जो कित्येकांच्या नाकात एरवी निमूट राहतो. मधासारखी पिवळी खपली ही त्याची खूण. अ‍ॅसायक्लोव्हिर फक्त विषाणूला आवरतं, तेही सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत घेतलं तर जास्त; जिवाणूवर त्याचा काहीच उपयोग नाही. आईला म्युपिरोसिनचं मलम आणि पोटातून अँटिबायोटिक दिलं.

तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत चिरा पडून पांढुरका थर आला होता. मला तो त्याच दुखण्याचा भाग वाटला. मॅडमनी विचारलं, "रात्री कवळी काढता का?" आई गप्प. ती कवळी घालूनच झोपायची. कोपऱ्यातलं ते कॅन्डिडा होतं, बुरशी. तिथे लाळ साचते, कवळीखाली ओल राहते, त्यात आईला मधुमेह. उपाशीपोटी साखर २१२ निघाली! एका ओठावर तीन दुखणी आणि तिघांची औषधं वेगळी. आम्ही मात्र सगळ्यांवर एकच ट्यूब चोपडत होतो.

औषध सुरू केल्यावर चौथ्या दिवशी गाठ बसली. कोपरे भरायला मात्र दोन आठवडे लागले, साखर खाली आल्यावरच.

आता कवळी रात्री पाण्याच्या वाटीत असते. आईचा टॉवेल वेगळा. त्याच दिवसांत माझ्या भाचीचं बाळ सव्वा महिन्याचं होऊन घरी आलं होतं. तान्ह्या बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो, हे मॅडमनी दोनदा बजावलं होतं. आईने त्याला उचललं नाही, पापा घेतला नाही. पदर तोंडाला लावून उंबऱ्याशी बसून बघत राहिली, खपली पडून कोरी कातडी येईपर्यंत.