हसू नका रे, आधी उचला!

खोकला झालेल्या माणसाने हसू नये. काल दुपारी पडल्या पडल्या मला काहीतरी आठवलं. काय ते सांगत नाही, सांगितलं तर तुम्हाला हसू येणार नाही आणि माझा विरस होईल. पण हसू फुटलं आणि त्याची बघता बघता ढास झाली. डोळ्यांतून पाणी, बरगडीत कळ, हातातलं पुस्तक जमिनीवर. आणि म्हणे हसणं तब्येतीला चांगलं!

तब्येतीसाठी हसणाऱ्यांची मला जरा धास्तीच आहे. 'हसा, रक्तदाब उतरतो' असं म्हणून कुणी विनोद सांगायला बसलं की माझा चढतो. डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली मुंबईत हास्य क्लब काढला, तेव्हा सुरुवातीला तिथे विनोदच सांगत. थोड्याच दिवसांत विनोद संपले. मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं आणि ते जगभर पसरलं. हे मात्र मला पटतं. बळजबरीचा विनोद ऐकण्यापेक्षा बळजबरीने हसलेलं बरं.

अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स १९६४ साली सांधे आखडून अंथरुणाला खिळले. ते हॉस्पिटल सोडून हॉटेलात गेले आणि विनोदी फिल्म पाहत बसले. दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. 'क' जीवनसत्त्वाचे मोठाले डोसही बरोबरीने चालू होते, पण त्याची आठवण कोण काढतो!

उलट बाजूही आहे. २०१३च्या नाताळात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांनी हसण्याचे तोटे गोळा करून छापले. जबडा निखळणे, भोवळ येऊन पडणे, दमा उसळणे, हर्निया बाहेर येणे. यादी वाचताना मी हसलो, म्हणजे धोका पत्करलाच.

हसताना अंगातलं बळ जातं, हे मात्र मला कुणी सांगायला नको. लहानपणी मी आणि दादा एक लोखंडी कपाट जिन्यावरून वर नेत होतो. तो वरच्या टोकाला, उलटा चढत. मी खाली, सगळं वजन माझ्या छातीवर. कपाटाची कडी नादुरुस्त. दादा दर पायरीला "सांभाळ" म्हणायचा आणि दर पायरीला दार उघडून त्याच्या कपाळावर टण्णकन आपटायचं. तिसऱ्या 'टण्ण'ला माझी बोटं लोण्याची झाली. पकडच राहिली नाही. दादाने माझ्याकडे बघितलं, तोही गेला. कपाट गुडघ्यांवर तोलून दोघंही आवाज न काढता हलत होतो. खरं हसू टिपेला पोचलं की आवाज बंदच होतो. वरून आई ओरडली, "हसू नका रे, आधी उचला!" आता काय उचलणार, कप्पाळ!

खळखळून हसताना स्नायू ढिले पडतात, गुडघ्यामागच्या मज्जातंतूला विजेचा हलका झटका दिला तर पोटरी एरवीसारखी उसळत नाही. शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलंय. जिन्यात आम्हाला ते मोजमापाशिवाय कळलं होतं.

रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणखी एक हिशेब मांडला होता: माणूस एकटा असताना जितकं हसतो, त्याच्या तीसेक पट चारचौघांत हसतो. त्यातलं बरंचसं विनोदावर नव्हेच, 'चला, निघू या' असल्या साध्या बोलण्यावर.

दादा आता लांब राहतो. आमचं बोलणं फोनवरच्या मेसेजांतून चालतं. मी काहीतरी पाठवतो, तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारी पाच पिवळी तोंडं पाठवतो. मीही तेवढीच उलट पाठवतो. ती पाठवताना माझ्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलत नाही. त्याची हलते का, हे मी त्याला विचारलेलं नाही.