मध्यस्थीचे कायदे वाचताना आधी मुदत बघा

अपघातात दुखापत झाली की भरपाईसाठी कोर्टात जायच्या आधी मेडिएशन, म्हणजे मध्यस्थासमोर बसून तडजोडीची बोलणी, करावं का, यावर वेगवेगळ्या देशांचे कायदे गेले दोन आठवडे चाळतोय आणि डोकं पार भणभणलंय. इंग्लंडचंच घ्या ना, 2004 साली अपील कोर्ट म्हणालं की कुणाला जबरदस्तीने मध्यस्थाकडे पाठवणं म्हणजे कोर्टाचा दरवाजा बंद करणं, आणि 2023 मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की ते मत काही बंधनकारक नव्हतं, हक्काला धक्का न लावता पाठवता येतं. मधली एकोणीस वर्षं वकील नुसते वाद घालत बसले!

मला खरा जीव वाटतो तो मुदतीच्या कलमात. बोलणी चाललीयेत म्हणून तुम्ही निवांत, आणि तिकडे दावा लावायची तारीख टळून गेली तर समोरची विमा कंपनी कशाला चहा विचारेल? युरोपियन युनियनच्या 2008 च्या निर्देशात हे नीट लिहिलंय, मध्यस्थी चालू असताना मुदत संपली म्हणून कुणाचं कोर्टात जाणं अडता कामा नये. सगळीकडे असं नसतं, तपासाच.

आणि तडजोड झाली की सहीसाठी पुढे येतो तो शेवटचा कागद. त्यात "यापुढे कोणताही दावा करणार नाही" अशी ओळ जवळपास ठरलेली, आज गुडघा बरा वाटतोय म्हणून सही केली आणि वर्षाने ऑपरेशन निघालं तर तो खर्च बहुतेक तुमच्याच खिशातून. आधी डॉक्टरला विचारा, मग पेन उचला.