बिगारी

दिवाळीच्या आधी एखाद्या दुपारी जिन्याखाली विटा सरकल्याचा आवाज येतो आणि किल्ल्याचं काम सुरू झाल्याचं सगळ्यांना कळतं. मोठं माणूस तिथे पोचलं की आधी विचारतं, "कोणता करताय रे, रायगड की राजगड?" मुलं एकमेकांकडे बघतात. ते अजून ठरायचं असतं. माथ्याखालच्या तीन सपाट सोंडा, म्हणजे माच्या, साधल्या तर राजगड, पाणी धरणारी परात मिळाली तर सिंधुदुर्ग.

मोठ्यांनी इथे बिगारी म्हणून जावं, मिस्त्री म्हणून नव्हे. बिगाऱ्याला कामं पुष्कळ असतात. जागा दोन भिंतींच्या कोपऱ्यात धरली तर माती निम्मीच लागते, एवढं सांगायला हरकत नाही. सांगाडा विटांचा, फुटक्या बादलीचा, जुन्या डब्यांचा. वर गोणपाट, तेही तागाचंच, कारण प्लॅस्टिकच्या पोत्यावरून चिखल घसरून खाली येतो. गोणपाट पातळ चिखलात बुचकळून ओलंच टाकायचं आणि चुण्या पडतील तिथे पडू द्यायच्या. आपले हात त्या ताणून सपाट करायला शिवशिवतात. त्या चुण्यांच्याच पुढे घळी आणि सोंडा होतात, हे मुलांना आधीच दिसलेलं असतं.

मातीच्या बाबतीत मात्र मुलंही फसतात. काळी माती हाताला लोण्यासारखी लागते. पण ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि सकाळी बघावं तर कड्याला बोट जाईल एवढ्या भेगा. लाल माती चाळून घ्यावी, तीन घमेल्यांना एक घमेलं वाळू मिसळावी. थर अर्ध्या बोटाचा, पहिला सुकत आला की दुसरा. एकदाच जाड थापून मोकळं होण्याची कल्पना नेहमी मोठ्यांची असते. मुलांना तीनदा थापायचं म्हणजे तीनदा मजा.

भुयाराचंही तसंच. दोघं दोन बाजूंनी कोपरापर्यंत हात घालतात आणि आत बोटांना बोटं लागली की आळीभर ओरडा होतो. आपण पाइपचा तुकडा आणून देतो. पाइपमुळे भुयार ढासळत नाही, खरंय. फक्त त्यात मग कोणी हात घालत नाही.

वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरणी. मोहरी उतारावरून घरंगळते आणि पायथ्याशी रान, माथ्यावर टक्कल असा प्रकार होतो. अळीव भिजले की बुळबुळीत होऊन कड्यालाही चिकटतात, दोन दिवसांत मोड. गहू नको, मावळे दिसेनासे होतात. पाणी तांब्याने ओतलं तर बुरूज वाहून जातो. बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडून शिंपडावं.

चित्रं, म्हणजे मातीचे मावळे वगैरे, मांडायला घेतली की मुलांचे प्रश्न सुरू होतात. एवढ्या उंचावर पाणी कुठून येतं? टाकी खडकात खोदायची, त्यातून निघालेला दगड बांधकामाला वापरायचा आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साठवायचं, हे उत्तर गड चढून आलेल्यांनाही चटकन सुचत नाही. दरवाजा समोर का नाही? रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड वळणात दडवलाय, तो खालून येणाऱ्याला दिसू नये म्हणून. मग हमखास येणारा प्रश्न: सगळे शी-शूला कुठे जायचे? मोठे हसतात. रायगडावर राणीवशात शौचकूप आजही दाखवतात, आणि पाहून आलेले त्याचे फोटो क्वचितच काढतात. मोठ्यांना २०२५ साली १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्याचं पाठ असतं; मुलांना टाक्यातल्या पाण्यात डास होत नसतील का, ही काळजी.

बाजारात आता रंगवलेले तयार किल्ले मिळतात, प्लास्टरचे, दारासकट. ते भेगाळत नाहीत, वाहून जात नाहीत, पुढच्या वर्षी माळ्यावरून काढता येतात. त्यांच्याबद्दल यापेक्षा जास्त बोलवत नाही.

आणि तटाखाली पोपटी डायनोसॉर उभा करायचा की नाही, यावर तिथे वाद चालू असतो. बिगाऱ्याचं मत कोणी विचारलेलं नसतं. वाळू संपलीय, ती आणावी.