एका सॅकमध्ये मावणारं हॅम रेडिओ स्टेशन: धूपगड आणि पातालकोट

धूपगड १३५२ मीटर उंच, सातपुड्याचं सगळ्यात वरचं टोक. पातालकोट त्याच डोंगरांतला बाराशे ते पंधराशे फूट खोल खळगा, तामियाजवळ. दोन्ही जागा सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर आणि हौशी रेडिओत जागा सांगायला वापरतात तो नकाशावरच्या ग्रिडचा चौकोनही एकच, एमएल९२. सॅक तीच नेली तरी वरून आणि खालून ऐकू येणारी माणसं पूर्ण वेगळी असतात. इंदूरच्या हॅमने (परवाना असलेल्या हौशी रेडिओवाल्याने) स्वस्तात कुठे लांब जायचं ठरवलं तर ही जोडी आधी करावी, अंदमान-लक्षद्वीप नंतर.

स्वस्तातला प्रवास वजनावर ठरतो. सगळं स्टेशन एका पाठीवरच्या सॅकमध्ये मावलं तर स्लीपरचं तिकीट आणि पुढे बस किंवा जीप एवढ्यात काम होतं. दुसरी बॅग झाली की टॅक्सी आलीच, आणि टॅक्सीच्या एका दिवसाच्या भाड्यात चांगल्या बॅटरीचे चारही सेल येतात. इंदूरहून नर्मदा एक्सप्रेस किंवा जबलपूरची ओव्हरनाइट पकडायची. दोन्ही गाड्या मध्यरात्रीनंतर, अगदी अडनिड्या वेळी पिपरियाला उतरवतात. उजाडेपर्यंत स्टेशनवर बसायची तयारी आणि सोबत सेव-परमल ठेवावं. पिपरियाहून पचमढीची बस मिळते. तामियाला जायचं असेल तर छिंदवाड्याची बस, ती मटकुलीच्या फाट्यावरून वळते.

रेडिओबद्दल थोडक्यात. पाच-दहा वॉट पुरतात. हैदराबादच्या अशर फरहान यांनी आखलेला मायक्रोबिटएक्स अशा कामाला बरा पडतो. खालच्या बँडवर (कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर) दहाएक वॉट देतो, वरच्या बँडवर ताकद बरीच घसरते. त्यातले आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर स्वस्त आहेत, पण अँटेना न लावता पीटीटी (बोलायचं बटण) दाबली किंवा एफटी८ ही डिजिटल पद्धत पूर्ण ताकदीवर तासभर चालवलं तर ते जातात. दोन सुटे ट्रान्झिस्टर आणि एक लहान सोल्डरिंग आयर्न जवळ ठेवलं की पुरे. पैसे उरले तर महागड्या रिगऐवजी (रेडिओ सेटऐवजी) नॅनोव्हीएनए हे अँटेना मोजायचं लहान यंत्र घ्यावं, तार कापताना त्याचा खरा उपयोग होतो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच हवी. ३२७०० मापाचे ६ अँपिअर-तासांचे चार सेल सिरीजमध्ये, सोबत फोर-एस बीएमएस (चार सेल सांभाळणारं संरक्षक सर्किट). पॅकचं वजन साधारण सहाशे-साडेसहाशे ग्रॅम भरतं. यूपीएसमधली बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन किलोच्या वर जाते आणि टिकवायची तर निम्मीच वापरता येते. हिशेब असा: ऐकताना अर्धा अँपिअर, बोलताना अडीच अँपिअर, आणि चारातला एक भाग बोलणं धरलं तर सरासरी एक अँपिअर पडते. सहातले ऐंशी टक्के, म्हणजे ४.८ अँपिअर-तास वापरायचे, तर पावणेपाच तास मिळतात. स्वतःच्या रिगचे आकडे मीटर लावून घरीच मोजावेत. या सेलची एक खोड आहे: व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत तेराच्या आसपास राहतं, मग एकदम कोसळतं आणि बीएमएस वाक्याच्या मध्येच वीज तोडतो. व्होल्टमीटर पाहून किती शिल्लक आहे ते कळत नाही, म्हणून तास मोजावेत. चार्जर १४.६ व्होल्टचा, याच सेलसाठीचा असावा. हा पॅक ७६.८ वॉट-तासांचा भरतो. विमानात केबिनमध्ये शंभर वॉट-तासांपर्यंतची बॅटरी चालते, त्यामुळे पुढे अंदमानला जायचं झालं तरी हाच उपयोगी पडेल. वायरमध्ये फ्यूज बॅटरीच्या टोकाशी बसवायचा. रिगच्या टोकाशी बसवला तर मधली वायर सॅकमध्ये घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीच करत नाही.

आता तार. सहलीचं यश-अपयश इथेच ठरतं.

चाळीस मीटर (७ मेगाहर्ट्झ) आणि वीस मीटर (१४ मेगाहर्ट्झ) या दोन बँडसाठी लिंक डायपोल करावा, म्हणजे मधून दोन बाजूंना ताणलेली, जोड उघडून लांबी बदलता येणारी तारेची अँटेना. सूत्र सोपं आहे: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये एकूण लांबी. ७.१ ला २०.१४ मीटर म्हणजे एक बाजू १०.०७, आणि १४.२ ला एक बाजू ५.०३. बाजारातल्या ०.५ चौरस मिलीमीटरच्या पीव्हीसी मल्टिस्ट्रँड वायरवर इन्सुलेशन असल्याने आणि टोकं जमिनीकडे झुकल्याने प्रत्यक्ष लांबी थोडी कमीच लागते. तरी कापताना मोठीच कापावी: मधून ५.२ मीटर, मग लिंक, पुढे आणखी ५.१ मीटर. लिंकसाठी बुलेट कनेक्टर, इन्सुलेटरसाठी इलेक्ट्रिकच्या कंड्युट पाइपचे तुकडे. ताण इन्सुलेटरच्या गाठीवर यायला हवा, कनेक्टरवर आला तर तो दुसऱ्याच दिवशी निसटतो.

ट्यून करताना क्रम चुकवू नये. आधी लिंक उघडून वीस मीटर जुळवायचं, मगच लिंक जोडून चाळीस. उलट केलं तर आतला तुकडा कापल्यावर बाहेरचं सगळं पुन्हा सरकतं. चाळीसवर दोन्ही बाजूंनी १० सेंटीमीटर कमी केले की रेझोनन्स (तार जुळते ती फ्रिक्वेन्सी) साधारण ७० किलोहर्ट्झने वर जातो, वीसवर ५ सेंटीमीटरला १४० किलोहर्ट्झ. कापण्यापेक्षा टोक दुमडून तारेवरच पिळावं, म्हणजे चूक दुरुस्त करता येते. हे काम इंदूरच्या गच्चीवर करून तिथे जाऊन तपासलं की आकडे हलतात, कारण गच्चीतल्या सळया आणि खडकाळ जमीन एकसारख्या वागत नाहीत. शेवटचं जुळवणं जागेवरच.

कोअ‍ॅक्स दहा मीटर. रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या या केबलींत आरजी-१७४ हलकी असते, पण १४ मेगाहर्ट्झला दहा मीटरमध्ये सुमारे सव्वा डेसिबल खाते, म्हणजे जवळपास पाव ताकद वाटेतच गेली. आरजी-५८ मध्ये हेच नुकसान अर्ध्या डेसिबलच्या आसपास असतं. दहा वॉटच्या स्टेशनला पाव ताकद परवडत नाही, म्हणून इथे जास्तीचं वजन सोसावं. फीडपॉइंटशी, म्हणजे केबल तारेला जोडली जाते तिथे, चोक हवा: केबलच्या बाहेरून परतणारा प्रवाह तो अडवतो. जुन्या मॉनिटरच्या केबलवरचे क्लिपचे फेराइट मणी भंगारात मिळतात, पाच-सहा मणी कोअ‍ॅक्सवर ओळीने बसवले की कमी ताकदीला पुरतं. चोक नसला तर माइक धरल्यावर आवाज फाटतो आणि एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली याचं माप) हात हलवला की बदलतो.

खांब सहा मीटरचा. घडीची फायबरची गळाची काठी चांगली, पण तामियाकडे गावात बांबू सहज मिळतो. दोन दिवसांसाठी मागून घ्यावा, पैसे द्यावेत आणि जाताना परत करावा. जंगलातला तोडू नये. सहा मीटरच्या शेंड्यापासून दोन्ही बाजू खाली आणून टोकं दीड मीटरवर बांधली की मधला कोन सव्वाशे अंशांच्या आसपास येतो आणि अठरा मीटर मोकळी जागा लागते. कोन नव्वदच्या खाली जाऊ देऊ नये. तारेच्या दोन बाजूंनी खांब दोन दिशांना बांधला जातो, काटकोनात फक्त दोन दोऱ्या ओढायच्या. टोकांना पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधाव्यात, गुरं आणि माणसं दोघांसाठी. पचमढीत खरा त्रास वानरांचा: लोंबणारी कुठलीही गोष्ट ओढून पाहतात. तिथे स्टेशन सोडून चहाला जाऊ नये.

पातालकोटच्या तळाशी बसलं की क्षितिज वर सरकतं. समोरचा कडा चारशे मीटर उंच आणि एक किलोमीटरवर असेल तर जवळपास २२ अंशांपर्यंतचं आकाश झाकलं जातं. दूरदेशीचे सिग्नल याच कमी कोनातून येतात, त्यामुळे वीस मीटरवर युरोप ऐकू आला नाही म्हणून रिगला दोष देऊ नये. हातातला व्हीएचएफ (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) सेटही दरीबाहेर पोचत नाही. इथे चाळीस मीटरच चालतो, आणि तोही मुद्दाम खाली बांधलेला: फीडपॉइंट चार मीटरवर आणला तरी हरकत नाही. इतक्या खालचा डायपोल बहुतेक ऊर्जा सरळ डोक्यावर फेकतो, ती आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागावरून) परतून चारेकशे किलोमीटरच्या घेरात पडते. इंदूर, भोपाळ, नागपूर, जबलपूर सगळी त्यात आली. कड्यांचा याला अडसर होत नाही, कारण वाटच वरून आहे.

वेळ मात्र सांभाळावी. डोक्यावरून परतायचं तर बँडची फ्रिक्वेन्सी आयनोस्फिअरमधल्या एफ-टू थराच्या क्रिटिकल फ्रिक्वेन्सीच्या (सरळ वर सोडलेला सिग्नल जिच्यापर्यंत परत येतो तिच्या) खाली हवी. दिवसा ७ मेगाहर्ट्झला ती सहसा पुरते. रात्री उशिरा ती घसरली की जवळची स्टेशनं एकाएकी नाहीशी होतात आणि हजार किलोमीटरवरची धडधडीत येतात. मग साडेतीन मेगाहर्ट्झवर उतरणं हा एकच उपाय, आणि त्याची तार दुप्पट लांब. आपला हा पट्टा कर्कवृत्ताजवळचा, विषुववृत्तीय आयनीकरणाच्या उत्तरेकडच्या शिखराखाली येणारा, म्हणजे हा थर जिथे जास्त दाट असतो तिथला. त्यामुळे संध्याकाळी चाळीस मीटर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ साथ देतो, पण मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास सूर्यास्तानंतर सिग्नल थरथरतात. तो रिगचा बिघाड नसतो.

एफटी८ करणाऱ्यांसाठी: दरीत मोबाइलचं नेटवर्क धरून चालू नये. घड्याळ सेकंदभर चुकलं तरी डिकोड कमी होत जातात, म्हणून जीपीएसवरून वेळ घेणारं अ‍ॅप आधीच टाकून ठेवावं.

धूपगडावर सगळं उलट. खाली नर्मदेचं खोरं हजारेक मीटर खोल. ४.१२ गुणिले उंचीच्या फरकाचं वर्गमूळ हे रेडिओ क्षितिजाचं सूत्र लावलं तर सुमारे १३० किलोमीटर येतात. पाच वॉटच्या हँडहेल्डला तेवढा पल्ला मिळतो, फक्त सोबत आलेली रबराची अँटेना काढून टाकावी. १४५ मेगाहर्ट्झला ४९ सेंटीमीटरची तार वर आणि तेवढ्याच लांबीचं शेपूट सेटच्या अँटेना-कनेक्टरच्या बाहेरच्या ग्राउंड भागाला जोडून खाली सोडलं की फरक लगेच कळतो. इथे डायपोल ताणायचा विचार सोडावा: व्याघ्र प्रकल्पाचा भाग, झाडांना हात लावायचा नाही, आणि सूर्यास्ताला गर्दी. सकाळची वेळ बरी. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, कड्यावर कुठलाही खांब उभा करू नये. वीज पडण्याचा धोका आहे आणि ढगात काही दिसतही नाही.

होमस्टेत उतरल्यावर आधी रिसीव्हर लावून खोलीतला एकेक एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जर बंद करून पाहावा. एस-सातचा (रिसीव्हरच्या सिग्नल मीटरवर सातपर्यंत जाणारा) खरखराट बऱ्याचदा एकाच स्वस्त चार्जरचा असतो. स्वतःचा सौर चार्ज कंट्रोलरही यात येतो, ऑपरेट करताना तो काढून ठेवावा.

कागदपत्रं. अ‍ॅमॅच्युअर सर्व्हिसचे १९७८ चे नियम आणि आपल्या परवान्यावरच्या अटी निघण्याआधी वाचाव्यात, विशेषतः स्टेशनच्या पत्त्याबाबतची अट. परवान्याची मूळ प्रत, दोन झेरॉक्स, ओळखपत्र. स्थानिक ठाण्यासाठी हिंदीत एक पानी अर्ज: कोण, किती दिवस, कुठे, कोणत्या बँडवर. त्याच्या प्रतीवर शिक्का घेऊन ठेवावा. परदेशी रिग ७.३ मेगाहर्ट्झपर्यंत ट्रान्समिट करू देतात, आपली हद्द ७.२ ला संपते हेही लक्षात असू द्यावं.

पातालकोटच्या गावांत भारिया आणि गोंड लोक राहतात. कुणाच्या अंगणात तार ताणण्याआधी विचारावं, आणि मुलं जमली की हेडफोन काढून स्पीकर लावावा. टोकाला हात लावू देऊ नये मात्र: तारेच्या शेवटी दहा वॉटलाही रेडिओ फ्रिक्वेन्सीचे शंभर-दीडशे व्होल्ट सहज असतात, चटका बसतो.

लॉग कागदावर, पेन्सिलने, वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). आपली पहाटेची साडेपाच म्हणजे यूटीसीची मध्यरात्र, तारीख तिथे बदलते. पहाटे पाचला सुरू करून सातला संपवलेल्या लॉगमध्ये पहिल्या अर्ध्या तासातले संपर्क आदल्या तारखेला जातात, आणि घरी आल्यावर समोरच्याच्या नोंदीशी जुळत नाहीत ते नेमके तेच.