उंब्रजच्या भिंतीचा पोपडा

रविवार, रात्री साडेनऊ

आज उंब्रजहून परत येताना थांब्यामागच्या त्या भिंतीपाशी गाडी थांबवली. भिंत पाडताहेत. निम्मी पडलीच आहे, उरलेल्या भागावर लाल गोल अजून दिसतो, तोही अर्धा. रंगाचा एक पोपडा सुटायला आला होता, तो अलगद काढून रुमालात गुंडाळून आणला. ती भिंत अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मोबाइल कंपन्यांच्या जाहिरातींसाठी रंगवली होती, दोनदा.

दिव्याखाली धरून कडेनं पाहिलं. वर लाल, त्याखाली गुलाबी, मग अस्तराचा पांढरा, आणि पाठीला चुना चिकटलेला. एवढ्याशा तुकड्यात माझं शेवटचं शाळेचं वर्ष आणि कॉलेजचं पहिलं वर्ष आहे. त्या दोन वर्षांची फी याच दोन रंगांतून गेली.

मुंबईची माणसं जुन्या मोबाइलच्या आठवणी काढतात तेव्हा आधी मॅक्सटच, मग ऑरेंज आणि मग हच असं सांगतात. आमच्याकडे ऑरेंज नव्हतंच. कऱ्हाड, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात बीपीएल मोबाइल होतं आणि त्याच्या समोर बिर्ला एटी अँड टी. बीपीएलचं आमच्या भागातलं जाळं हचनं घेतलं आणि २००६ मध्ये कऱ्हाडच्या दुकानांवर गुलाबी रंग चढला. हचचा छोटा कुत्रा त्याआधीच टीव्हीवरून घराघरात ओळखीचा झाला होता, त्यामुळे नाव नवं आहे असं कुणाला वाटलंच नाही. अण्णांना मात्र गुलाबी रंग जड गेला. उन्हानं तो लवकर उडतो, वर्षभरात विटका दिसायला लागतो. उंब्रजच्या भिंतीला त्यांनी रंगाचा तिसरा हात स्वतःच्या खर्चानं दिला होता. ठेकेदार दोनच हातांचे पैसे देत होता.

मग आलं २००७. व्होडाफोननं हच एस्सारमधला मोठा हिस्सा घेतला होता आणि सप्टेंबरात, ऐन गणपतीत, नाव बदलायचं ठरलं. त्या वर्षी अण्णा दहा दिवसांत फक्त विसर्जनाला घरी होते. ठेकेदारानं छापील कागद दिला होता, त्यावर पांढऱ्या जागेत लाल खूण, मापं आणि रंगाचे नंबर. कागदावरच्या खुणेला सावली होती, चकाकी होती, काचेच्या गोटीसारखी. ऑइल पेंटनं सहा फुटांच्या भिंतीवर ती चकाकी आणायची कशी? दिवसाला तीन भिंती करायच्या होत्या. अण्णांनी सावली सोडून दिली. खिळा ठोकला, सुतळी बांधली, सुतळीच्या टोकाला खडू, आणि एका दमात गोल मारला. आतल्या शेपटीसाठी टाचणीनं भोकं पाडलेला कागद लावून वर कोळशाची पुरचुंडी आपटली. सपाट लाल, धारेला स्वच्छ. ठेकेदार कुरकुरला, पण लांबून येणाऱ्या गाडीतून ती खूण पहिल्या नजरेत कळत होती. पुढे २०१७ मध्ये कंपनीनंच सावली आणि चकाकी काढून टाकली आणि खूण सपाट केली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. मी अण्णांना फोन करून सांगितलंही.

ती खूण म्हणजे काय हे आम्हाला बरेच दिवस माहीत नव्हतं. अण्णा तिला थेंब म्हणायचे. बरोबरचा पोरगा स्वल्पविराम म्हणायचा. मी बी. ए.ला असताना कुठंतरी वाचलं की ते अवतरण चिन्ह आहे, बोलणं सुरू होताना लावतात ते. व्होडाफोन हे नाव व्हॉइस, डेटा आणि फोन या शब्दांतून बनवलेलं, आणि १९९८ पासून ही खूण त्याच्याबरोबर आहे. सुट्टीत घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते ब्रश रॉकेलात बुडवत होते, थांबले. "म्हंजे कुणीतरी आता बोलणार हाय, असं," म्हणाले. त्यानंतर त्यांनी तिला कधी थेंब म्हटलं नाही. शेपटीच्या वळणावर हात जरा हळू फिरायला लागला, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पिवळ्या कंपनीची गोष्ट वेगळी. बिर्ला एटी अँड टीचं टाटा सेल्युलरशी एकत्रीकरण झालं तेव्हा बिर्ला, एटी अँड टी, टाटा मिळून लोक तिला बटाटा म्हणत. २००२ मध्ये नाव पडलं आयडिया, आणि हे नाव आमच्या भागात इतकं रुजलं की आजीसुद्धा कार्ड कुणाचं हे विचारताना "आयडियाचं का?" म्हणायची. पिवळं करणं हे रंगाऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यांत अवघड काम. लालावर पिवळा बसत नाही, खालून नारिंगी डोकावतो. आधी पांढऱ्याचे दोन हात, ते पूर्ण वाळू द्यायचे, मग पिवळ्याचे निदान दोन. एखाद्या दुकानदारानं कंपनी बदलली आणि लालाचं पिवळं करायचं असेल तर अण्णा एक दिवस जास्त मागून घ्यायचे, आणि पावसाळ्यात ते काम घ्यायचेच नाहीत. त्या नावातला इंग्रजी आय उलटा होता, टिंब खाली. उद्गारचिन्हासारखा. पहिल्या दिवशी पोरग्यानं कागद उलटा धरला असं वाटून अण्णा त्याला रागावले होते. बिचारा बरोबर होता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०१६ मध्ये जिओ आलं, दर कोसळले, एकेक कंपनी मिटली. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या आणि ७ सप्टेंबर २०२० ला दोन्ही नावं जाऊन वी आलं. कंपनी म्हणते वी, आमच्याकडे सगळे म्हणतात व्हीआय. तोवर भिंती रंगवणं संपलंच होतं, सगळीकडे फ्लेक्स.

लॉकडाऊनचे दिवस होते. अण्णांचा मोतीबिंदू तेव्हा वाढलेला, ऑपरेशन लांबणीवर. टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन बसायचे. नवी खूण पडद्यावर आली, लाल व्ही आणि त्याला लागून उभी रेघ, खाली पिवळा ठिपका. मला ती नुसतीच दोन अक्षरं दिसली. अण्णा पुढे वाकले आणि म्हणाले, "ही उलटी आय आयडियातली हाय बघ. टिंब खालीच ठेवलंय." मग थोड्या वेळानं, "पण ते बोलायचं चिन्ह गेलं."

त्यांनी जे एका नजरेत वाचलं ते मी शिकूनसवरून वाचलं नव्हतं. ज्या हातानं हजार वेळा वळण काढलं आहे, त्यालाच ते गेल्याचं कळतं. कंपन्यांच्या खुणा बदलल्या की बातम्यांत खर्चाचा आकडा येतो, जाहिरात संस्थेचं नाव येतं. कऱ्हाड ते कोल्हापूर भिंती करणाऱ्यांचं नाव कुठंच नसतं, आणि मला हे खरंच लागतं. त्या खुणा लोकांच्या डोळ्यांत बसल्या त्या एसटीच्या खिडकीतून पाहून पाहून.

आज संध्याकाळी पोपडा अण्णांच्या हातात दिला. आता त्यांना चांगलं दिसतं. अंगठ्याच्या नखानं त्यांनी कड हळूच खरवडली. गुलाबीपाशी थांबले.

"उंब्रज," म्हणाले. मी जागा सांगितलीच नव्हती.

"कशावरून?"

"गुलाबी जाड हाय. तीन हात."

उद्या सातवी 'ब'ला विरामचिन्हं घ्यायची आहेत. अवतरण चिन्ह आणि उद्गारचिन्ह एकाच तासाला. पोपडा कंपासपेटीत कापसावर ठेवला आहे. अण्णांनी खिळा आणि सुतळी काढून दिली आहे, फळ्यावर गोल मारताना खिळा कुणाकडे तरी नीट धरायला दे, म्हणाले.